आघाडीवर गेलेली ढोलकी

ऑक्टोबर १९६२ च्या वीस तारखेस चीनच्या फौजांनी नेफा आणि लडाख अशा दोन्ही बाजूंनी एकदम चढाई केली, तेव्हा सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत ती वार्ता उर्वरित महाराष्ट्रापेक्षा निराळ्या तऱ्हेने ऐकली गेली. अन्यत्र ती राष्ट्रावरील संकटाची वार्ता होती. माण, खटाव, कोरेगाव, खानापूर, तासगाव या तालुक्यांतील अनेक घरांना ती घरच्या माणसाची वार्ता होती. दिवाळी तोंडावर आली होती आणि घरचा कर्ता मुलगा पलटणीत होता. पुढे महिन्याभरातच, देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कऱ्हाडात वाढलेले यशवंतराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्रिपद सोडून देशाचे संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या साहाय्यास सह्याद्री गेल्याची ती कथा सर्वतोमुखी झाली व आजही सांगितली जाते. त्याच युद्धाच्या काळात महाराष्ट्रातून नेफाकडे आणखी एक प्रवास झाला. त्याची आठवण मात्र तमाशाच्या कनातीबाहेर फारशी कोणी ठेवली नाही. सत्तावीस वर्षांची एक स्त्री ढोलकीवाले, हलगीवाले, सोंगाडे असा आपला संच घेऊन सीमेवरील जवानांसमोर नाचण्यागाण्यासाठी गेली. तिचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

या नावातच तिचे अर्धे चरित्र आहे. जुलै १९३५ मध्ये तिचा जन्म पंढरपुरास झाला. विठोबाच्या गावी जन्मली म्हणून विठा. आजोबा नारायण खुडे हे शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे. घराण्याचा तमाशा त्यांनी उभा केला, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत भाऊ व बापू या दोघा भावांनी तो महाराष्ट्रभर गाजविला. भाऊ हे विठाबाईंचे वडील, बापू हे चुलते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाच्या फलकाखाली तंबू लागला की पंचक्रोशीतल्या बैलगाड्या तिकडे वळत. त्या काळी बहुतेक स्त्रिया विवाहानंतर पतीच्या नावाने ओळखल्या जात आणि पुढे आलेली माणसे आपली जात नावातून हळूच गाळून टाकीत. विठाबाईंनी वडिलांचे नाव आणि जातीचे नाव अशी दोन्ही नावे अखेरपर्यंत फलकावर ठेवली. त्यामागे त्यांनी काही सिद्धान्त मांडला होता असे नव्हे. फडाच्या जगात ते नाव म्हणजेच भांडवल होते, आणि ते लपविण्याचे कारण त्यांना दिसले नसावे.

शाळेत त्यांचे मन रमले नाही. गण, गौळण, लावणी, भेदिक हे सारे त्यांच्या कानावर घरातच पडत होते. लहान वयात त्या बोर्डावर उभ्या राहिल्या आणि कोणा गुरूपुढे रीतसर न बसता नाचू लागल्या. आवाज मोकळा, पदन्यास जलद, आणि समोरच्या हजारोंच्या गर्दीत प्रत्येकाला आपल्याकडेच पाहते आहे असे वाटायला लावणारी नजर. पुढे लोकांनीच त्यांना तमाशासम्राज्ञी म्हटले व शासनाने ते बिरुद उचलले.

विठाबाई पुणे जिल्ह्यातल्या. तथापि त्यांची कला ज्या मातीतून वर आली तिचा बराचसा भाग कृष्णा आणि येरळा यांच्या खोऱ्यातला आहे. तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमा-बाबूंच्या फडाने १८६५ साली मोहना-बटाव हा वग उभा केला, आणि तमाशातील वगाचा तोच आरंभ मानला जातो. तोवर तमाशात गण होता, गौळण होती, सवाल-जवाब होते. सलग कथानक सांगणारे नाट्य त्याला सावळजने दिले. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेल्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी घरचे कुलकर्णीपण आणि ब्राह्मण्य दोन्ही सोडून तमाशाचा फड धरला व ते पठ्ठे बापूराव झाले. सांगलीजवळच्या कवलापूरने शिवा-संभा आणि पुढे काळू-बाळू दिले. म्हणजे ज्या प्रदेशाने सैन्याला माणसे पुरविली, त्याच प्रदेशाने तमाशालाही माणसे पुरविली.

हा योगायोग नव्हे. माणदेश आणि खानापूर-आटपाडीचा भाग कमी पावसाचा. चार भावांत वाटलेली जिराईत जमीन चारही घरे जगवू शकत नाही. एक भाऊ शेती पाहतो, एक मुंबईच्या गिरणीत जातो, एक पलटणीत भरती होतो. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव अपशिंगे मिलिटरी याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. आणि ज्याला जमीनच नाही, ज्याची जातच गावकुसाबाहेरची आहे, तो गळ्यात ढोलकी अडकवून फडाबरोबर निघतो. दोघेही पोटासाठी बाहेर पडतात. एकाच्या अंगावर गणवेश येतो, दुसऱ्याच्या पायात चाळ. गाव पहिल्याला वेशीवर ओवाळतो आणि दुसऱ्याला वेशीबाहेर उतरायला जागा देतो.

दोघांची भेट होई ती यात्रेत. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालीचा खंडोबा, औंधची यमाई, आटपाडीकडील खरसुंडी, आणि चैत्रात गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा. जवान शक्य तो रजा जत्रेला जोडून घेतो. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चालणारा तमाशाचा हंगामही याच जत्रांवर उभा असतो. रात्रभर वग चालतो, पहाटे लोक उठतात, आणि त्यांतला एखादा दोन दिवसांनी ट्रंक घेऊन सातारा रोड किंवा मिरजेच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत उभा राहतो. बर्फाच्या प्रदेशात ठाण्यावर बसलेल्या त्या माणसाच्या मनात गाव म्हणून जे काही असते, त्यात आईचा चेहरा असतो, शिवार असते, आणि ढोलकीचा आवाजही असतो.

तमाशाचे आणि सैन्याचे नाते तर याहून जुने. फौजेच्या तळावर, छावणीच्या कडेला, मोहिमेवरून परतणाऱ्या शिलेदारांसमोर ही कला वाढली असे अभ्यासक मानतात. पेशवाईतील शाहिरांनी एकाच लेखणीने पोवाडा आणि लावणी लिहिली, ती काही निव्वळ आवडीखातर नव्हे. लढणाऱ्या माणसाला सकाळी पोवाडा लागतो आणि रात्री लावणी लागते, हे त्यांना ठाऊक होते. पेशवाई गेली, फौजा गेल्या, आणि तमाशा गावच्या जत्रेत आला. १९६२ मध्ये विठाबाई सीमेवर गेल्या तेव्हा एका अर्थी तमाशा आपल्या जुन्या श्रोत्यांकडे परत गेला.

परंतु ज्या राज्यातून तो गेला त्या राज्याची तमाशाविषयीची भावना फार सरळ नव्हती. स्वातंत्र्यानंतर लगेच बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. शेकडो फड एका रात्रीत बसले. कलावंतांनी दाद मागितली, दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती आली, संहिता तपासल्या जाऊ लागल्या, आणि धुऊन-पुसून घेतलेल्या तमाशाला लोकनाट्य हे सोवळे नाव मिळाले. बंदीच्या वेळी विठाबाई बारा-तेरा वर्षांच्या होत्या. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १९५७ साली, त्यांना राष्ट्रपतिपदक मिळाले. आणि १९६२ मध्ये सैनिकांचे मन राखण्यासाठी त्यांची गरज पडली. पंधरा वर्षांच्या अवधीत एकाच कलेला आधी बंदी, मग पदक आणि मग आघाडीवरची कामगिरी! शासनाचे मत बदलले म्हणावे, तर तमाशा करणाऱ्यांची गावातली जागा बदलली नव्हती.

सीमेवरच्या त्या कार्यक्रमांत नेमके काय घडले असेल हे समजण्यास तमाशाचे थोडे तंत्र ठाऊक असावे लागते. हलगी ही कातड्याची. थंडीत आणि दमट हवेत तिचे कातडे सैल पडते. आगीवर शेकल्याखेरीज ती बोलत नाही. ढोलकीच्या शाईचा स्वर हवेबरोबर उतरतो. दख्खनच्या कोरड्या हवेत रात्रभर तापलेली ही वाद्ये ईशान्येच्या ओल्या डोंगरांत वाजविणे हे वाजविणाऱ्याच्या मनगटाची परीक्षा पाहणारे काम आहे. नाचणारीच्या दोन्ही पायांत मिळून शेरांनी वजनाचे घुंगरू असतात, नऊवारी लुगड्याला ऊब नसते, आणि तमाशात नाचणारी अंगावर शाल घेऊन नाचू शकत नाही. सोंगाड्याची तर आणखीच पंचाईत. त्याचा विनोद गावच्या पाटलावर, तलाठ्यावर, सावकारावर उभा असतो. पण समोर बसलेला जवान जर कोरेगावचा किंवा विट्याचा असेल, तर त्याला तो पाटील, तो तलाठी आणि तो सावकार नावानिशी ठाऊक असतो. त्या हशात गाव दोन तासांसाठी तिथे येते. सैन्याला जे मनोरंजन म्हणतात ते वस्तुतः एवढेच असते.

याच डोंगररांगांच्या पलीकडे, १९४४ साली, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर व्हेरा लिन ही इंग्लंडची गायिका अशीच गेली होती. चौदाव्या सैन्यासाठी ती गायली. त्या सैन्यात भारतीय जवान बहुसंख्य होते, त्यांत मराठेही होते. परंतु त्या गाण्यांत त्यांचे गाव नव्हते. ब्रिटनने व्हेरा लिनला १९७५ मध्ये डेम हा किताब दिला आणि १९८५ मध्ये ब्रह्मदेशच्या मोहिमेचे, सैनिकांना मिळणारे पदक दिले. अमेरिकेत बॉब होप हा विनोदी नट दुसऱ्या महायुद्धापासून अर्धशतक सैन्याच्या परदेशी तळांवर कार्यक्रम करीत हिंडला. १९९७ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून त्याला मानद माजी सैनिक ठरविले. भारतातही सुनील दत्त आणि नर्गिस यांच्या अजंता आर्ट्सच्या चमूने सीमेवर जाऊन जवानांसाठी कार्यक्रम केले, आणि बांगलादेशच्या युद्धानंतर लता मंगेशकर, ज्यांचे बालपण सांगलीत गेले, त्या चमूबरोबर तिकडे जाऊन गायल्या. त्या साऱ्यांची छायाचित्रे छापली गेली. ते योग्यच झाले. विठाबाईंच्या वाट्याला त्या प्रवासाबद्दल आले ते बहुधा प्रत्येक चरित्रात एकच वाक्य.

त्याउलट त्यांच्या आयुष्यातील दुसरी एक घटना इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्याखाली बाकीचे आयुष्य झाकले गेले. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, तिथेच प्रसूत झाल्या, दगडाने नाळ ठेचून मूल वेगळे केले आणि पुढच्या प्रवेशासाठी पुन्हा उभ्या राहावयास निघाल्या. प्रेक्षकांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबविण्यास सांगितले. ही कथा ऐकणारा त्यांच्या धैर्याने दिपून जातो. ते धैर्य होतेच. परंतु नवव्या महिन्यात त्या बोर्डावर का होत्या, हा प्रश्न दिपलेल्या माणसाला सुचत नाही. सुपारी घेतलेली असते. जत्रेच्या मंडळींनी पैसे मोजलेले असतात. मुख्य नाचणारीच उभी राहिली नाही तर खेळ बुडतो, आणि खेळ बुडाला तर त्या रात्री फडातली पन्नास-साठ माणसे उपाशी निजतात. कारखान्यातल्या कामगार स्त्रीला प्रसूतीची रजा देणारा कायदा मुंबई प्रांतात १९२९ सालीच झाला होता. तमाशाच्या तंबूपर्यंत तो पोचला नव्हता.

फडाचा हिशेब बाहेरच्याला सहसा ठाऊक नसतो. हंगामाच्या आरंभी कलावंतांना उचल द्यावी लागते. ती देण्यासाठी फडमालक सावकाराकडून रक्कम उचलतो. गाड्या, तंबू, कनाती, विजेचे दिवे, रोजचा शिधा हे सारे त्याच कर्जातून. पुढचे सात महिने रोज एक गाव घेतले तर ते कर्ज कसेबसे फिटते. अवकाळी पाऊस आला, गावात भांडण झाले, निवडणूक लागली, साथ पसरली, की पाच-सहा रात्री बुडतात आणि वर्षाचे व्याज अंगावर येते. पावसाळ्यात फड बसतो, पण पोट बसत नाही, पुन्हा उचल. या चक्रात फडमालकही कायमचा ऋणको असतो. विठाबाईंनी वडिलांचा फड चालविला, पुढे स्वतःचा चालविला. टाळ्या आणि शिट्ट्या त्यांच्या, आणि कर्जही त्यांचेच. त्यातच चित्रपट आला, मग घरोघर दूरदर्शन आले, व्हिडिओ आला, जत्रेत ऑर्केस्ट्रा आला. प्रेक्षकाला वग नको झाला, त्याला चित्रपटातली गाणी हवी झाली. १९९० मध्ये त्यांना दुसऱ्यांदा राष्ट्रपतिपदक मिळाले, तेव्हा तमाशाला ओहोटी लागली होती.

पठ्ठे बापूराव २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात विपन्नावस्थेत गेले, तेव्हा विठा दहा वर्षांची होती. फडातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून त्या मरणाची हकिगत तिने ऐकली असणार. शेकडो लावण्या रचणाऱ्या त्या माणसाला तेव्हा परके सरकार होते, युद्ध नुकतेच संपले होते, असे म्हणून ती गोष्ट सोडून देता येत असे. विठाबाईंच्या बाबतीत ती सवलत नाही. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या. दोन राष्ट्रपतिपदके त्यांच्या नावावर होती आणि रुग्णालयाचे देणे भागविण्यास पैसा नव्हता. ते देणे त्यांच्या मृत्यूनंतर सहानुभूती असलेल्या लोकांनी वर्गणी काढून भागविले.

१९६२ मध्ये ज्यांच्यासमोर त्या नाचल्या त्यांतले जे जवान परतले त्यांनी आपली सेवा पुरी केली. पंधरा वर्षे, वीस वर्षे, जशी ज्याची असेल तशी. नंतर त्यांना निवृत्तिवेतन लागले. सातारा-सांगलीच्या कित्येक गावांत दुष्काळी वर्षी दुकानाची उधारी फिटते ती या निवृत्तिवेतनावर. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय आहे, सैनिकी रुग्णालयाची सोय आहे, मुलांना शाळेत सवलत आहे. जे दिले ते त्यांच्या हक्काचे होते आणि पुष्कळदा पुरेसेही नव्हते. पण ते नोंदीवर आधारलेले होते. सैनिक किती वर्षे कुठे होता हे कागदावर असते. विठाबाईंसारख्या कलावंताची सेवा कोणत्याच कागदावर मांडली जात नाही. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना राज्यात १९५० च्या दशकापासून आहे. तिच्यात वय पाहिले जाते, उत्पन्नाचा दाखला पाहिला जातो, समितीची शिफारस पाहिली जाते. ती मदत आहे. निवृत्तिवेतन आणि मदत या दोहोंत जे अंतर आहे तेच गावच्या वेशीच्या आत आणि बाहेर असण्यातले अंतर आहे.

राज्य शासनाने २००६ पासून विठाबाईंच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार कांताबाई सातारकर यांना मिळाला. कांताबाईंचे बालपण साताऱ्यात कष्टकरी कुटुंबात गेले, त्या गावाचे नाव त्यांनी आपल्या नावाला जोडले आणि पुरुषांच्या भूमिकाही गाजविल्या. मे २०२१ मध्ये त्या वारल्या. विठाबाईंच्या मुलींनी आईचाच मार्ग धरला. त्यांतल्या मंगला बनसोडे यांनी आपला फड कऱ्हाडजवळच्या करवडीस उभा केला. यशवंतराव ज्या कऱ्हाडातून दिल्लीस गेले, त्याच कऱ्हाडच्या कुशीत, विठाबाईंच्या लेकीच्या फडाचे हे गाव आहे. हंगामाच्या आरंभी तेथे गाड्यांवर तंबूचे खांब चढतात, सोंगाड्याची पेटी चढते, हलग्या गुंडाळून ठेवल्या जातात, आणि उचल घेतलेली माणसे आपापली वळकटी घेऊन गाडीत जागा धरतात.